नावातलं हसू

चौथ्या थांब्याशी आल्मूट राइनबोल्टला आपलाच आवाज हसताना ऐकू आला. मोठ्यानं हसणं नव्हतं ते. नाव उच्चारण्यापूर्वी ओठ किंचित ताणले जावेत, श्वास नाकातून थोडा निसटावा आणि मग नाव यावं, एवढंच. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण आपल्या आवाजाच्या सगळ्या खोल्या माणसाला माहीत असतात, आणि कुठल्या खोलीत दिवा राहून गेलाय हेही. आल्मूट गिरणी रस्त्यावर, कानाची यंत्रं विकणाऱ्या दुकानासमोर उभी होती. काचेत प्लास्टरचा एक भलामोठा कान मांडलेला होता. कानाला लावलेल्या यंत्रातला तिचाच ध्वनिमुद्रित आवाज शांतपणे सांगत होता, वर पाहा. पहिल्या मजल्यावर, जिथे आज फिकट पडदे दिसतात, तिथे धान्याचे व्यापारी यूलियुस काट्सेनश्टाइन, त्यांची पत्नी सेल्मा आणि त्यांची दोन मुलं राहत होती. आल्मूटनं वर पाहिलं. पडदा हलला आणि एका बाईनं खिडकीत झारी टेकवून कुंडीला पाणी घातलं. आवाज पुढे निघून गेला होता. मुलाला मामाकडे दक्षिण अमेरिकेत पाठवता आलं. बाकी तिघांना डिसेंबरात रीगाला, ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत नेण्यात आलं; तिथून कुणी परतलं नाही. घरातलं सामान पुढच्या वसंतात शाळेच्या व्यायामशाळेत लिलावात विकलं गेलं. ते गावातल्या लोकांनी घेतलं. पुढच्या थांब्याकडे जाताना ट्राममार्ग जपून ओलांडा. इथे तिचा आवाज पुन्हा सपाट, स्वच्छ, कसलीही सुरकुती नसलेला होता. हसू फक्त नावात राहिलं होतं.

तिनं यंत्र मागे नेऊन ते वाक्य पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. दुकानातला माणूस बाहेर येऊन अदबीनं म्हणाला, की ऐकायला त्रास होत असेल तर आत या, तपासणी फुकट आहे. ती म्हणाली, नाही, मला ऐकू येतंय.

आवाज हीच तिची नोकरी होती. प्रादेशिक रेडिओवर ती रोज सकाळी नदीची पाणीपातळी वाचायची. म्युंडेन, कार्ल्सहाफेन, होल्ट्समिंडेन, हामेल्न. गावाच्या नावामागून आकडा, आकड्यामागून नाव, कुठे चढ, कुठे उतार. नावाडी, शेतकरी, तळघरात बटाटे साठवणारी माणसं त्या आवाजावर विसंबून असायची. पूर आला तरी आवाज चढवायचा नाही, उलट पाणी जितकं वर तितका आवाज खाली, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं होतं. म्हणून तर इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका वीबके लोझ तिच्याकडे आल्या होत्या. शहरातल्या ज्यूंचं काय झालं ते सांगणारी एक फेरी त्यांनी लिहिली होती. लोकांनी कानाला यंत्र लावून रस्त्यारस्त्यानं चालायचं, थांबायचं, वर पाहायचं. लोझबाई म्हणाल्या होत्या, की नटनट्या नकोत मला, त्या रडतात. तुम्ही पाणी वाचायचात तसं वाचा. लोकांना रडायचं असेल तर त्यांचं ते रडतील.

आणि तसंच ती वाचत होती. जूनमधली दुपार, तळघरातली खोली, भिंतींना काळा स्पंज, काचेपलीकडे लोझबाई. पहिला थांबा, दुसरा, तिसरा. चौथ्याचा कागद तिनं उलटला, वाचायला सुरुवात केली, आणि यूलियुस काट्सेनश्टाइन या नावाशी येताच तिला फस्सकन हसू फुटलं. आवरताच आलं नाही. डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं होतं: तिच्या घरच्या जेवायच्या खोलीतलं अक्रोडाच्या लाकडाचं मोठं कपाट डोक्यावर हॅट घालून गिरणी रस्त्यानं निघालंय, शेजारी बायको कपाट, आणि हात धरलेली दोन छोटी कपाटं. कारण काट्सेनश्टाइन म्हणजे कपाट. तिच्या घरात, तिच्या आईच्या घरात, तिला समजायला लागल्यापासून त्या वस्तूला दुसरा शब्दच नव्हता. बश्या काट्सेनश्टाइनमध्ये ठेव. काट्सेनश्टाइनवरची धूळ पूस. काट्सेनश्टाइनचं दार उघडं राहिलंय. एखाद्या माणसाचं आडनाव चूल असावं, किंवा पलंग असावं, तसं तिला वाटलं. ते हसू अर्धा श्वासभर टिकलं असेल. मग तिला आपल्या मानेवरचे केस एकेक करून उभे राहिल्यासारखे वाटले. काचेपलीकडून लोझबाईंनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, घसा. मग पाणी प्यायली आणि वाक्य पुन्हा वाचलं. हसणं कापून टाकलं गेलं, पण त्याच्या तळाशी राहिलेला ओलावा नव्या वाक्यात उतरला होता, हे त्या वेळी दोघींच्याही लक्षात आलं नाही.

लहानपणी तिला वाटायचं, या कपाटाच्या नावात मांजर आहे आणि दगड आहे. नावाची फोड तशीच होत होती: काट्से म्हणजे मांजर, श्टाइन म्हणजे दगड. ती जमिनीवर पालथी पडून खालच्या दारांच्या लाकडात मांजर शोधायची, आणि ते सापडलंही होतं. उजव्या दाराच्या रेषांमध्ये एक गोल चेहरा, दोन कान, एक डोळा मिटलेला. दगड मात्र कधी मिळाला नाही. तेच उजवं दार नीट लागायचं नाही. बिजागरी खाली बसली होती म्हणून ते आधी मुठीला धरून किंचित उचलायचं आणि मग उजव्या गुडघ्यानं दाबायचं. तसं केलं नाही की थोड्या वेळानं ते आपोआप उघडत यायचं, कुणी आतून हलकेच ढकलावं तसं. आई तसंच लावायची, आजी तसंच लावायची. घरात पाहुणे असले की आल्मूटला ती युक्ती दाखवायला सांगायचे. वडिलांनी एकदा सुतार आणतो म्हटलं तर आई म्हणाली, राहू दे, ते आलं तेव्हापासूनच तसं आहे. आलं तेव्हापासून. वस्तू येतात, बर्फ येतं, पत्र येतं, पाव्हणा येतो, तसं ते आलं होतं. कुठून, हे तिनं विचारलं नव्हतं, कारण उत्तर नावातच होतं आणि रोज सगळ्यांच्या तोंडी होतं. पुढे ती रेडिओत गेली, लग्न झालं, मुलगी झाली, आईमागून कपाट तिच्याकडे आलं, आणि नाव त्याच्याबरोबर आलं.

शाळेत एकदा निबंध होता, आमची बैठकीची खोली. तिनं लिहिलं होतं, आमच्या खोलीत अक्रोडाच्या लाकडाचा मोठा काट्सेनश्टाइन आहे, त्यात सणाच्या बश्या असतात. फोलब्रेख्त मास्तर फार कडक. स्वल्पविराम चुकला तरी लाल शाई. तिच्या निबंधात तीनचार ठिकाणी लाल होतं, पण त्या शब्दाला त्यांनी हात लावला नव्हता. वही परत देताना मात्र ते तिच्या बाकाशी जरा वेळ थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, हा शब्द घरी वापरायचा. लिहायचा नाही. तिला वाटलं, तो गावठी शब्द असणार. घरच्या बोलीतले असे कितीतरी शब्द वहीत चालत नसत. मधल्या सुट्टीत तिनं हाइडरूनला विचारलं, तुमच्याकडे काट्सेनश्टाइन आहे का? हाइडरून डबलरोटी खात म्हणाली, नाही. आमच्याकडे मोझेस आहे. शिवणाचं मशीन. यावर दोघींना काही विशेष वाटलं नव्हतं. एकीकडे मोझेस होता, एकीकडे काट्सेनश्टाइन. तिसऱ्या कुणाकडे आणखी काही असेल. आता पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, कानाच्या दुकानासमोर उभं राहून तिला ती सुट्टी आठवत होती, आणि मैदानावर धावणाऱ्या मुलांच्या घराघरांतून नावं ठेवलेल्या खुर्च्या, घड्याळं, पलंग, सतरंज्या रांगेनं उभ्या दिसत होत्या. सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावानं ते लपवलं नव्हतं. त्यात कपडे ठेवले होते, त्यावर झोपलं होतं, त्यात बश्या मांडल्या होत्या. तिला ठाऊक नव्हतं असं तरी कसं म्हणायचं? तिनं आयुष्यभर ते नाव घेतलं होतं, मृतांच्या प्रार्थनेतसुद्धा कुणी घेत नसेल इतक्या वेळा, रोज, दोन्ही जेवणांना.

त्याच संध्याकाळी तिनं लोझबाईंना फोन केला. म्हणाली, चौथा थांबा मला पुन्हा वाचायचाय. लोझबाईंनी कारण विचारलं. ती म्हणाली, नावाच्या ठिकाणी माझा आवाज बरोबर नाही. तिथे काहीतरी आलंय. पलीकडून लोझबाईंचं ते खडू झटकल्यासारखं हसणं आलं. म्हणाल्या, आल्मूट, तुम्ही जन्मभर नदीचं पाणी वाचलंत. पहिल्यांदाच माणसाचं नाव वाचल्यासारखं वाटतंय तिथे. ते मी काढणार नाही. आल्मूट म्हणाली, तुम्हाला माहीत नाही. लोझबाई म्हणाल्या, मला एवढं माहीत आहे की सगळ्यांना तोच थांबा आवडतो. मग विषय बदलून त्यांनी आनंदानं बातमी दिली, की कुर्ट काट्सेनश्टाइनची मुलगी सापडली आहे. म्हणजे जो मुलगा वाचला त्याची मुलगी. मिर्ता नाव तिचं, तिकडे दक्षिण अमेरिकेत, मॉन्टेव्हिडिओला असते, दातांच्या कवळ्या बनवायची, आता निवृत्त झाली. सप्टेंबरात येतेय. फेरीबरोबर चालेल. आणि मी तिला सांगून टाकलंय की त्यानंतर आपल्या आवाजाच्या बाईंकडे कॉफी. तुमचा आलुबुखाऱ्याचा केक सगळ्या गावाला माहीत आहे, हॉटेलात किती बसवायचं बिचारीला.

म्हणजे ती या घरी येणार. जेवायच्या खोलीत बसणार. फोन ठेवल्यावर आल्मूट कपाटासमोर खुर्ची ओढून बसली. खालचं उजवं दार उघडं राहिलं होतं. तिला गुडघा पुढे करवेना. तिनं ते तसंच राहू दिलं आणि आतला कपबश्यांचा अंधार पाहत राहिली. मग ठरवलं, की आपण सांगायचं. दोनच वाक्यं आहेत. हे कपाट तुमच्या आजोबांचं आहे. माझ्या आजीनं ते व्यायामशाळेतल्या लिलावात घेतलं. त्यापुढचं ती बाई म्हणेल ते. न्यायचं म्हणेल तर न्यावं, फोडायचं म्हणेल तर फोडावं, थुंकेल तर थुंकावं. पण वाक्यं सांगायला हवीत, आणि आपणच, कारण नावात ते हसू घालून ठेवलंय आपण, आणि दर शनिवारी माणसं ते कानात घेऊन फिरतात. त्यानंतरचे सगळे आठवडे ती त्या दोन वाक्यांची तालीम करत होती. भांडी घासताना, जिना उतरताना. अडचण अशी की वाक्यं ओठांवर आली की ती पाणीपातळी होत. हे कपाट तुमच्या आजोबांचं आहे, चढ सात. आवाजात काही घालायला जावं तर ते नाटकी वाटे आणि तिला स्वतःचीच किळस येई. सपाट आवाजात सांगावं तर जणू तिचा काही संबंधच नाही. या दोन आवाजांच्या मध्ये तिसरा एखादा आवाज असणार, माणसं त्याच आवाजात एकमेकांना खरं सांगत असतील. तो तिच्याजवळ नव्हता. कधी होता का, हेही तिला आठवेना.

झिल्के, तिची मुलगी, वरच्या मजल्यावर राहायची. घटस्फोटानंतर आली ती तिथेच राहिली. तिला तरी आधी सांगावं म्हणून एकदा जेवताना आल्मूटनं सहज विचारल्यासारखं विचारलं, आपण याला काट्सेनश्टाइन का म्हणतो गं? झिल्केनं बटाटा कापता कापता कपाटाकडे पाहिलं, पहिल्यांदाच पाहावं तसं. म्हणाली, कंपनीचं नाव असेल. दुकानातल्या कपाटांना असतातच की नावं. मग म्हणाली, का, विकायचंय का? जुन्या लाकडाला आता कुणी विचारत नाही आई, उलट नेणाऱ्याला आपणच काहीतरी द्यावं लागेल. आल्मूट म्हणाली, नाही, विकायचं नाही. आणि विषय तिथेच सोडला. कारण मुलीच्या चेहऱ्यावर तिला ती मधली सुट्टी दिसली. तिथे अजून ऊन होतं, अजून काही कळलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर झिल्के त्या घरात दुसऱ्या दिवशी कशी जेवली असती? की जेवली असती? जेवली असती, आणि हेच ऐकायची आल्मूटची तयारी नव्हती.

मिर्ता काट्सेनश्टाइन ठेंगणी, रुंद खांद्यांची, पांढऱ्या केसांची बाई निघाली. पायात चालायचे मजबूत बूट. ती घोळक्यात सगळ्यांसारखी कानाला यंत्र लावून चालली. चौथ्या थांब्याशी सगळ्यांनी एकाच क्षणी माना वर केल्या, तेव्हा तिनंही केली. आल्मूट रस्त्याच्या पलीकडे, बसथांब्याच्या काचेआड उभी होती. बरोबर चालायला बोलावलं असूनही तिला ते जमलं नव्हतं. तिला घोळक्यातला कुणाचाच आवाज ऐकू येत नव्हता, पण माना वर झाल्या यावरून वाक्य कुठे आलंय ते कळत होतं, आणि आता नाव येणार, आता, असं म्हणता म्हणता तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मिर्तानं यंत्र कानावरून काढलं होतं. ती प्लास्टरच्या कानाकडे पाहत होती. मग लोझबाईंनी तिला काही सांगून इकडे बोट दाखवलं आणि ती सरळ रस्ता ओलांडून आली. ट्रामवाल्यानं घंटा वाजवली तरी तिनं वळून पाहिलं नाही.

आल्मूटचे दोन्ही हात हातात घेऊन ती जर्मनमध्ये बोलली. बापाकडून शिकलेली ती भाषा होती, आणि बाप इथून गेला तेव्हा शाळकरी पोर होता. त्यानंतर त्याच्या भाषेत इथलं काहीच पडलं नव्हतं. म्हणून सत्तरीला आलेली ही बाई या गावच्या त्या काळच्या पोरासारखी बोलत होती, आता कुणी वापरत नाही असे मैदानावरचे शब्द वापरत. म्हणाली, तुम्ही झकास वाचलंत. झकास! आल्मूटचा मामा असं म्हणायचा. मग मिर्ता थांबली आणि शब्द शोधत म्हणाली, "आमचं नाव इथे कितीतरी जणांनी घेतलं या दोन दिवसांत. महापौरांनी घेतलं, कचेरीतल्यांनी घेतलं. सगळे असे घेतात, जसं काही फुटेल. तुम्ही घेता तेव्हा हसता. घरातल्या माणसानं घ्यावं तसं घेता. मला माझ्या बाबांनंतर पहिल्यांदाच…" वाक्य तिनं सोडून दिलं. आल्मूट म्हणाली, मला घसा… आणि पुढे म्हणाली, चला, कॉफी थंड होईल. कॉफी अजून केलीही नव्हती.

घरी तिनं मिर्तासाठी कपाटासमोरची खुर्ची ठेवली होती. तिला ते आधी दिसावं, मग सांगायचं, असं ठरलं होतं. पण खिडकीतून दुपारचं ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून मिर्ता हसत उठून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली, कपाटाला पाठ करून, इतकी जवळ की मागे रेलली असती तर डोकं काचेला लागलं असतं. लोझबाई महापौरांच्या माणसांबरोबर गेल्या होत्या. झिल्के स्वयंपाकघरात होती. आल्मूटला मिर्ताचा चेहरा आणि त्याच्यामागे कपाट एकाच वेळी दिसत होतं. फोटोवाल्यानं मागे पडदा लावून माणसाला बसवावं तसं. तिचं लक्ष चेहऱ्यावर राहीना. खालचं उजवं दार, मिटलेल्या डोळ्याचं मांजर. मिर्ता सांगत होती, की तिच्याकडे मांजरं आहेत, तिकडे समुद्रासारखी नदी आहे, पलीकडचा काठ दिसत नाही अशी. बाबा रोज त्या नदीवर जाऊन उभे राहायचे. घराबद्दल म्हणाल तर काही बोलले नाहीत. आई विचारायची, आम्ही विचारायचो, कसं होतं रे घर. एवढंच म्हणायचे, जेवायच्या खोलीत दुपारी ऊन यायचं. बास. दुसरं काही नाही. आमच्याकडे तिथलं काहीच नाही, एक चमचासुद्धा नाही. कधीकधी मला वाटायचं, बाबांनी ते गाव मनानंच रचलं असेल. म्हणून आले. आल्मूटनं विचारलं, मग? मिर्ता म्हणाली, आहे की गाव. पण त्यात आम्ही कुठे होतो ते काही दिसत नाही. घराखाली कानाचं दुकान आहे. मग तिनं साधेपणानं विचारलं, तुम्ही त्या घरात कधी आत गेला होतात का? आल्मूट म्हणाली, नाही. हे खरं होतं. त्या घरात ती गेली नव्हती. ते घरच तिच्याकडे आलं होतं.

हीच वेळ होती. ऊन टेबलावरून सरकत कपाटाच्या काचेपर्यंत आलं होतं आणि आतल्या सोनेरी कडेच्या बश्या एकेक करून उजळत होत्या. तिनं कप खाली ठेवला. वाक्य तोंडात पूर्ण तयार होतं. ती म्हणाली, "हे…" मिर्तानं मान पुढे करून तिच्याकडे पाहिलं. आणि स्वयंपाकघरातून झिल्केचा आवाज आला, मोठा, निश्चिंत, रोजचा:

"आई, केकच्या छोट्या बश्या काट्सेनश्टाइनमध्येच आहेत ना?"

मिर्तानं चटकन स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून पाहिलं. "हो?" ती म्हणाली. मग आल्मूटकडे पाहून, जरा ओशाळून, "मला हाक मारली का?"

त्यानंतर किती वेळ गेला हे आल्मूटला पुढे कधीच ठरवता आलं नाही. भिंतीवरचं घड्याळ चालत असणार. तिला एवढंच आठवतं, की आपलं तोंड उघडं होतं, आणि त्यात जन्मभर सांभाळलेला तो आवाज अगदी जागेवर, तयार होता; स्टुडिओतला लाल दिवा लागण्याची वाट पाहत बसलेला. आणि त्या आवाजानं, न चढता, न थरथरता, पाणी वर जाताना जसं खाली यायचं तसं खाली येऊन सांगितलं:

"विचारतेय, तुम्हाला केकवर साय हवी का."

"हो," मिर्ता म्हणाली. "थोडीशी."

झिल्के आत आली, हसली, पाहुणीच्या मागे वाकून तिनं खालचं दार उघडलं, बश्या काढल्या आणि हात भरलेले म्हणून दार पायानंच लोटून गेली. मग साय आली. मग मिर्ता म्हणाली, केक झकास झालाय. मग झिल्केनं विचारलं, तिकडे आता कुठला ऋतू असतो. ऋतू उलटे असतात, मिर्ता म्हणाली. आता तिकडे वसंत यायला लागलाय. बाबांना ते शेवटपर्यंत जमलं नाही, नाताळाला घाम पुसत ते बर्फाची गाणी म्हणायचे. तिघी हसल्या. आल्मूटही हसली, आणि हसताना तिला आपला श्वास नाकातून निसटलेला ऐकू आला. वाक्य अजून तोंडात होतं, पण आता ते पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. आता ते सांगायचं तर आधी झिल्केनं सायीचं विचारलंच नव्हतं हे सांगावं लागलं असतं. आणि मग घसा बिघडलेला नव्हता हे. मग तो निबंध, ती मधली सुट्टी. एकातून एक दार उघडत गेलं असतं आणि शेवटच्या खोलीत आजी उभी असती, व्यायामशाळेत, बोलीसाठी हात वर करून. ती मनातल्या मनात म्हणाली, निघताना सांगेन. दारापाशी माणसं खरं बोलतात.

मिर्ता निघायला उठली. खुर्ची मागे सारली तेव्हा खालचं उजवं दार सावकाश उघडत आलं होतं, नेहमीसारखं, कुणी आतून ढकलावं तसं. मिर्ता झिल्केला मॉन्टेव्हिडिओचा पत्ता सांगत होती. बोलता बोलता, खाली न पाहता, तिनं एका हातानं दाराची मूठ धरून दार किंचित उचललं आणि उजव्या गुडघ्यानं दाबून लावून टाकलं. टक्क. पत्ता सांगून झाला. मग आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "माफ करा हं. बाबांची सवय. आमच्याकडची सगळी कपाटं ते अशीच लावायचे, उचलून, गुडघ्यानं. आई इतकी ओरडायची. तिकडच्या कपाटांना त्याची काही गरज नव्हती, फुटायची बिचारी. आणि आम्ही पोरंही तेच शिकलो."

झिल्के हसत म्हणाली, याला मात्र लागतंच तसं.

"हो का?" मिर्ता म्हणाली.

तिचा हात अजून मुठीवर होता. तिनं आल्मूटकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, प्रश्नही नव्हता असं आल्मूटला त्या क्षणी वाटलं, आणि पुढे कित्येक रात्री वाटलं नाही. काउंटरवर बसलेलं माणूस खिडकीपलीकडच्याला बोलायला जसा वेळ देतं, तसा ती वेळ देत होती. मग हात काढून घेताना तिची बोटं लाकडावरून गेली, त्या मिटलेल्या डोळ्यावरून, आणि कोटाच्या खिशात गेली. आल्मूट म्हणाली, तुमच्या कोटाची एक बाही आत दुमडली आहे. मिर्तानं बाही सरळ केली. दारापाशी ती आल्मूटच्या गालाला गाल लावून म्हणाली, तो चौथा थांबा बदलू नका. आणि त्या वाक्यात काय होतं, हे तिच्या त्या शाळकरी पोराच्या जुन्या भाषेतून काही केल्या ओळखू येत नव्हतं. मजबूत बुटांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. खाली कुणीतरी तिला ट्रामची दिशा सांगितली.

आल्मूट जेवायच्या खोलीत परत आली. ऊन गेलं होतं. झिल्केनं छोट्या बश्या धुऊन, पुसून टेबलावर रचल्या होत्या आणि ती त्या उचलून उभी होती. म्हणाली, छान होती गं बाई. या कुठे ठेवू?

"कपाटात," आल्मूट म्हणाली.

"कुठल्या कपाटात?"

आल्मूटनं दुसरा शब्द शोधला. फोलब्रेख्त मास्तरांनी वहीत चालेल असा कुठला शब्द सांगितला होता का, तो शोधला. लाकडाचं, अक्रोडाचं, भिंतीजवळचं, मोठं. झिल्के बश्या घेऊन वाट पाहत होती, आणि त्या तिच्या हातात जड होत चालल्या होत्या. शेवटी आल्मूटनं ते नाव घेतलं. घेताना ओठ किंचित ताणले गेले, श्वास नाकातून थोडा निसटला, आणि मग नाव आलं.